फिरलेले देऊळ आणि लोकापवाद

लोकापवाद, म्हणजे समाजाने पुरावा न तपासता एखाद्यावर ठेवलेला ठपका, हा न्यायापासून वेगळा कसा ओळखावा, हा प्रश्न हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावाला परका नाही. कारण संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात आहे, आणि औंढा नागनाथचे ते मंदिरही, जिथे कीर्तन करणाऱ्या नामदेवांना देवळामागे पाठवले गेले व देऊळच त्यांच्याकडे फिरले, असे सांगतात. गुरू ग्रंथ साहिबातील नामदेवांच्या ६१ पदांतही देऊळ फिरल्याचा हा प्रसंग येतो, ही गोष्ट विलक्षण हृद्य आहे. आख्यायिका म्हणजे इतिहास नव्हे. तरी तिच्यातला आक्षेप सुरांवर नव्हता, तर गाणारा शिंपी होता यावर होता, हे विसरता येत नाही. आज नव्या गाण्याआधी गायकाविषयीची बातमी पोहोचते, आणि नवविधा भक्तीत, म्हणजे भक्तीच्या नऊ प्रकारांत, पहिले स्थान असलेले श्रवण घडण्यापूर्वीच श्रोता न्यायाधीश होऊन बसतो. गायकाने खरोखर कोणाला इजा केली असेल, तर सुरांची गोडी त्याला निर्दोष ठरवत नाही; पण त्याचा निवाडा पुराव्यावर व्हावा, मथळ्यावर नव्हे, आणि तोवर पीडिताचे म्हणणेही तितक्याच शांतपणे ऐकले जावे.