वैषम्य कोणाच्या माथी?

देहू-आळंदीच्या मुलखात कीर्तनाला उभे राहिले की अलीकडे एक प्रश्न हमखास येतो. चाकणच्या कारखान्यात एकाच लाईनीवर दोघे उभे. एक गाडीच्या उजव्या बाजूचे नट आवळतो, दुसरा डाव्या. एक परमनंट, दुसरा ठेकेदाराचा. काम तेच, घाम तोच, पगारात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर. मग विचारतात, "बुवा, हे प्रारब्धच ना?"

प्रश्न दिसतो भोळा, पण तसा तो नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हाच आक्षेप प्रत्यक्ष ईश्वरावर घेतला आहे. कोणी सुखी, कोणी दुःखी. मग देव पक्षपाती आणि निर्दय नव्हे काय? आचार्य उत्तर देतात, ईश्वर पावसासारखा आहे. पाऊस सर्वत्र सारखा, पीक बीजाप्रमाणे. उत्तर चोख आहे हो, पण त्यात सुटका झाली ती देवाची! ठेकेदाराची सुटका कोणत्या सूत्रात आहे, ते मला तरी सापडलेले नाही. पाऊस सारखाच पडला. पाटाचे पाणी कोणाच्या शेतात सोडायचे हे पाटकऱ्याने ठरविले. तिथे ढगाला बोल लावून काय होणार? कंत्राटी मजुरांसाठी १९७० साली कायदा झाला. प्रारब्धावर कोणी कायदा करीत नाही.

पंडित म्हणतात, दोष व्यवस्थेचा. कोणाला सगळे सरकारी हवे, कोणाला सगळे खाजगी. आपल्या या पट्ट्याने दोन्ही पाहिले. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साह्य होते. पेनिसिलिन देशातच तयार व्हावे हा हेतू. हेतू पवित्र, पण १९९७ साली तो 'आजारी उद्योग' ठरला. औषधाचाच कारखाना आजारी! इकडे १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले, १९९१ नंतर परदेशी भांडवलाला दार उघडले, २००९ साली जर्मनांची फोक्सवागन चाकणला आली. कांद्या-बटाट्याच्या बाजाराचे गाव मोटारींचे झाले. हजारोंच्या चुली पेटल्या, हे नाकारू नये; मराठवाड्याच्या कोरडवाहू गावातून आलेल्या पोराला विचारा.

पण २०२२ चा जागतिक विषमता अहवाल सांगतो की, जगातल्या वरच्या दशांश लोकांपाशी संपत्तीचे शंभरांतले ७६ भाग, आणि खालच्या निम्म्या जगापाशी अवघे दोन. असे का व्हावे? मला वाटते, मूळ घासाघिशीत आहे. भांडवलाला घाई नसते. येथे परवडले नाही तर ते दुसऱ्या देशात जाते. मजुराला खोलीचे भाडे एक तारखेला द्यायचे असते. ज्याला थांबता येते तो भाव ठरवतो. मग मालक सरकार असो की शेटजी.

याच इंद्रायणीत तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते बुडविली, असे परंपरा सांगते. भावाचा वाटा भावाला दिला, आपला पाण्यात सोडला. आता बारकाईने पाहा, हे दान नव्हे. दान घेणाऱ्याची मान खालीच राहते. येथे सावकाराने हक्कच सोडला, म्हणून ऋणकोला उद्या भाव करताना थांबता आले.

आषाढी वारीत तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला येते. वाटेवर मंडप पडतात, पंगती उठतात. देणाऱ्यांचा भाव खोटा असे मी म्हणणार नाही. मात्र वाढणाऱ्यांत एखादा ठेकेदाराचा पोरगा दिसला, तर त्या दिवसाचा खाडा त्याच्या पगारातून कापतात काय, एवढे मालकाला विचारायला हरकत नाही.