विषारी फूल दारी लावावे काय?

अडेनियम, म्हणजे वाळवंटी गुलाब, हे मूळचे आफ्रिका व अरबस्तान येथील झाड आपल्या कण्हेरीच्याच कुळातले होय. फुगलेल्या बुंध्यात पाणी साठवून ते रखरखीत उन्हातही टिकते व सुंदर गुलाबी फुले देते. परंतु त्याचा चीक पोटात गेल्यास हृदयाची गती बिघडवितो. आफ्रिकेतील शिकारी तो बाणांस लावीत असत. मग असे झाड दारी लावावे काय? आमच्या मते लावावे. विष हा झाडाचा अपराध नव्हे. ते त्याचे संरक्षण होय. अपराध घडतो तो जाणत्याने मौन धरल्यास. यास्तव कुंडी लेकरांच्या व गुरांच्या आवाक्याबाहेर ठेवावी, छाटणीनंतर हात धुवावे, आणि शेजाऱ्यास रोप देताना विषाचीही माहिती द्यावी. ती लपविणे म्हणजे शेजाऱ्याची फसवणूक करणे होय.