पाहुण्यांना चूल लागती

पौड सोडून ताम्हिणीकडे निघालं की पाट्या सुरू होतात. ‘चुलीवरचं जेवण’, ‘चुलीवरची मिसळ’, ‘अस्सल गावरान थाळी’. ज्या धुरानं आमच्या आज्यांचे डोळे चुरचुरले, तो आता जाहिरातीत आला आहे.

एका पावसाळ्यात घनगडाच्या पायथ्याला, एकोल्यात, एका घरी जेवायला थांबलो होतो. पडवीत चूल पेटवलेली. लाकडं ओली, त्यामुळे भाकरीपेक्षा धूरच जास्त. काकू फुंकणीनं फुंकून थकल्या होत्या. आत डोकावलो तर ओट्यावर गॅसची शेगडी, त्यावर कुकर. विचारलं तर म्हणाल्या, “आमचं आत गॅसवरच असतं. पाव्हण्यांना चूल लागती.” बाहेर पुण्याहून आलेली चार पोरं त्याच चुलीचा व्हिडिओ काढत होती.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डीन मॅकॅनेल यांनी १९७३ साली नेमकं हेच मांडलं होतं. आपल्या घरांच्या भाषेत सांगायचं तर पाहुण्याला ओसरीवर बसायचं नसतं, त्याला माजघर पाहायचं असतं. हे ओळखून यजमान ओसरीवरच एक माजघर थाटतो. खरं माजघर आणखी एक दार मागे सरकतं. गंमत अशी की त्याच वर्षी टोनी आणि मॉरीन व्हीलर या जोडप्यानं स्वस्तात आशिया ओलांडण्याचं एक चोपडं काढलं आणि त्यातून ‘लोन्ली प्लॅनेट’ उभं राहिलं. लंडनहून निघून ऑस्ट्रेलियात पोचले तेव्हा त्यांच्याकडे २७ सेंट उरले होते, ही कथा ते कौतुकानं सांगत. त्याआधी १९५७ मध्ये आर्थर फ्रॉमर यांनी दिवसाला ५ डॉलरमध्ये युरोप दाखवला होता. फ्रॉमर यांचं गिऱ्हाईक स्वस्ताईवर खूश होतं. पुढच्या पिढीला स्वस्त तर हवंच होतं, वर अस्सलही हवं होतं. माझा आक्षेप ‘स्वस्त आणि अस्सल’ या जोडीला आहे. दोन्ही एकाच ताटात मागितली की उरलेले पैसे कुणीतरी दुसरं भरतं, आणि बहुतेक वेळा ती घरची बाई असते.

आपल्याकडच्या ट्रेकच्या पुस्तकांत हे व्याकरणातच दिसतं. प्रत्येक किल्ल्याखाली ठरलेले रकाने असतात: राहण्याची सोय, जेवणाची सोय, पाण्याची सोय. जुन्या पुस्तकांत ‘जेवणाची सोय आपण स्वतः करावी’ असं असे. मला ते वाक्य आवडतं. ते कोरडं आहे, पण कुणाला गृहीत धरत नाही. नंतर ‘गावात जेवणाची सोय होते’ आलं. होते! कोण करतं? या वाक्यात करणारं कुणीच नाही. शनिवारी रात्री अकराला दार वाजवणारी दहा जणांची टोळी त्या ‘होते’च्या भरवशावर आलेली असते, आणि निघताना ‘काकू, थोडं कमी करा ना’ म्हणते. हीच मंडळी व्हिएतनामला गेली की होमस्टेच्या बाईशी घासाघीस करतात आणि परत आल्यावर ‘तिथली माणसं किती साधी’ म्हणून सांगतात.

अस्सलपणाचंही बघा. पौड-ताम्हिणीचा हा मुळशी तालुका म्हणजे भाताचा मुलूख. पाऊस धो धो, खाचरं, आंबेमोहोराचा वास. इथली भाकरी तांदळाची किंवा नाचणीची. पण पाटीखालच्या ताटात येते बाजरीची भाकरी आणि कोल्हापुरी धाटणीचा तांबडा रस्सा, कारण ‘गावरान’ म्हणजे काय हे शहराचं आधीच ठरलेलं. भात वाढला तर गिऱ्हाईक विचारतं, “भाकरी नाही का?” म्हणून देशावरून बाजरी आणायची आणि मुळशीचं अस्सल म्हणून वाढायची.

जे खरोखर इथलंच आहे त्याची पाटी कुणी लावत नाही. ‘लेक व्ह्यू’ खोलीच्या खिडकीतून जे पाणी दिसतं, त्याच्या तळाशी मुळा आणि निळा नद्यांच्या खोऱ्यातली गावं आहेत. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते इथेच. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. मुळा खरं तर पुण्याकडे पूर्वेला वाहते. तिचं अडवलेलं पाणी सह्याद्रीतून पश्चिमेला, खाली भिऱ्याला सोडलं. तिथलं वीजघर १९२७ पासून मुंबईला वीज देत आलं आहे. अस्सल अनुभव शोधत आलेला माणूस या पाण्याकडे तोंड करून चहा पितो आणि ‘निसर्ग’ म्हणतो. तलाव माणसांनी बांधलेला आहे, आणि त्यासाठी माणसं उठवली गेली, एवढं खोलीच्या माहितीपत्रकात दोन ओळींत मावलं असतं.

वाटाड्या पुस्तकं बंद करा, असं मी म्हणत नाही. त्यांच्यामुळेच एकोल्यात चार पैसे येतात, आणि चूल मांडणं हा काकूंचा रोकडा हिशेब आहे. त्यांनी फसवलं, असं मला एकदाही वाटलं नाही. नाटक करायचं तर त्याचं तिकीट हवं, एवढंच.

म्हणून पुस्तकं आणि माहितीपत्रकं लिहिणाऱ्यांना एक विनंती. पुढच्या आवृत्तीत ‘जेवणाची सोय होते’ हे वाक्य काढा. तिथे ताटाचा दर छापा, आदल्या दिवशी फोन करायला सांगा, भात असेल हे लिहा. आणि चूलच हवी असेल, तर लाकडाचे पैसे वेगळे.