कोठीपोटातली विद्या

सोयाबीनची मळणी उरकली की हिंगोली जिल्ह्यातल्या साखऱ्यासारख्या गावच्या शिवारात गुळीचे, म्हणजे सोयाबीनच्या काडाचे, ढीग लागतात. थोडी गुळी जनावरांना जाते. उरलेल्या ढिगाला हरभऱ्याच्या पेरणीआधी काडी लावली, की मला फार वाईट वाटते. ट्रॅक्टर आले, दावणीचे बैल कमी झाले. काड खाणारी तोंडेच घटली. शेण कमी आणि काड जास्त, अशा गावात गोबरगॅस चालवायचा कशावर?

हा गॅस आपल्याला नवा नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ साली मैल्यापासून गॅस केला जात होता. पण गोबरगॅस शेणावर चालतो, आणि शेण म्हणजे जनावराने एकदा पचवलेला चारा. नुसते काड टाकीत टाकले तर ते वर तरंगते, त्याचा थर धरतो आणि गॅस फारसा सुटत नाही.

बैलाला मात्र तेच काड पचते. त्याच्या कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, हवेविना जगणाऱ्या बुरशा असतात. बुरशीला हवा लागतेच, असे शास्त्रज्ञ धरून चालले होते. १९७५ मध्ये कॉलिन ऑर्पिन यांनी मेंढीच्या पोटातली अशी बुरशी ओळखली. लाकडात पाचर शिरावी तशी ती काडात शिरते, तंतू उकलते, आणि मग जिवाणूंना आतली साखर मिळते. साखरेची आम्ले होतात, आणि गॅसच्या टाकीत शेवटचे सूक्ष्मजीव त्यांतून मिथेन करतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अशाच सूक्ष्मजीवांच्या मिश्रणाने भाताच्या काडाचा गॅस करण्यावर काम झाले आहे.

या कामात मला सर्वांत मोलाची वाटते ती सूक्ष्मजीवांची आपसातली चाल. आम्ल करणारे भराभर वाढतात, मिथेन करणारे सावकाश. एकदम जास्त काड घातले की आम्ल साचते, टाकी आंबते आणि गॅस थांबतो. म्हणून काड फोडणारे कितीही तरबेज आणले, तरी मागून येणाऱ्याला पेलेल एवढाच घास द्यावा लागतो.

तुराट्या आणि पऱ्हाटी या टाकीत घालू नयेत. त्यांतले लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा घटक, हवेविना जवळजवळ सुटत नाही. गुळी बारीक करावी, भिजवावी, शेणात थोडी थोडी वाढवत न्यावी आणि निघालेली स्लरी हळदीला द्यावी. ढीग पेटवला की धुराबरोबर उडून जातो तो पिकाचा नत्र या स्लरीत शिल्लक असतो.