पायाळूची लाथ आणि बाईची सही

उसण भरली की पायाळू शोधायचा, ही आपल्याकडची रीत अजून संपलेली नाही. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने दुखऱ्या कमरेला पाय लावला किंवा हलकी लाथ मारली की कंबर मोकळी होते, असे आजही गंभीरपणे सांगितले जाते. सांगणारे फक्त वाडीवस्तीवरचे असतात असेही नाही. पदवीधर, नोकरदार, मुलांना विज्ञान शाखेत घालणारे लोकही 'करून बघायला काय जातेय?' असे म्हणून पायाळूला घरी बोलावतात. या प्रश्नाला उत्तर द्यायला हवे, कारण बरेच काही जाते.

आधी हे पाहू की ही रीत टिकली कशी. ती टिकली, कारण लाथ खाल्लेली माणसे खरोखर बरी होतात. पण ती लाथेने बरी होत नाहीत. कमरेत भरलेली साधी उसण काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत आपोआप ओसरते. गादी सरकल्याचे दुखणे अधिक चिवट असते. दोन मणक्यांमधल्या गादीचे बाहेरचे कडे फाटते, आतला मऊ गर बाहेर येऊन नसेच्या मुळावर टेकतो आणि कळ नितंबातून पोटरीपर्यंत उतरते. बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन शल्यचिकित्सकांनी 1934 साली हा संबंध स्पष्ट दाखवून दिला. पुढच्या अभ्यासांतून असेही दिसले की बाहेर आलेला गर शरीर पुष्कळदा हळूहळू शोषून घेते आणि बहुतेक रुग्णांचे दुखणे दीड ते तीन महिन्यांत शस्त्रक्रियेविना कमी होते. म्हणजे दुखणे उतरणीला लागलेले असताना जो कोणी शेवटी हात लावतो, त्याला श्रेय मिळते. तो पायाळू असेल, कंबर मोडून देणारा हाडवैद्य असेल किंवा महागड्या पट्ट्याचा विक्रेता असेल. ज्यांना गुण आला नाही त्यांची मोजदाद कोणी ठेवत नाही.

आता काय जाते ते पाहू. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग दुर्मीळ नाही. क्षयाने पोखरलेला मणका आतून ढासळत असतो आणि बाहेरून माणूस फक्त 'पाठ दुखते' एवढेच सांगत असतो. पाळी थांबलेल्या कित्येक बायकांची हाडे इतकी ठिसूळ झालेली असतात की जड बादली उचलतानाही मणका दबतो. अशा पाठीवर लाथ मारणे म्हणजे इजा करणे होय, मग मारणाऱ्याचा हेतू कितीही शुद्ध असो. शिवाय पायाळूलाच जमिनीतले गुप्तधन दिसते, हीदेखील याच समजुतीची दुसरी शाखा आहे. गुप्तधनासाठी अमानुष प्रकार होतात, माणसाचा बळीसुद्धा दिला जातो, म्हणून महाराष्ट्राला 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला आणि त्यात या प्रकारांचा समावेश करावा लागला. पूर्ण दिवस भरलेल्या बाळंतपणांत शंभरात तीन-चार बाळे नितंबाकडून किंवा पायाकडून येतात. त्यात दैवी काही नाही. जन्माच्या वेळी बाळ कसे वळले होते, यावरून माणसाला अद्भुत ठरवणे हा त्या माणसावरही अन्यायच आहे.

सगळ्यात मोठे जाते ते म्हणजे वेळ. मणक्याच्या दुखण्यात काही लक्षणे थांबायला सवड देत नाहीत. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा सुटणे, मांड्यांच्या आतल्या बाजूची आणि गुप्तांगाभोवतीची जाणीव जाणे, दोन्ही पायांतले बळ एकदम कमी होणे, यांचा अर्थ कण्याच्या खालच्या टोकाचा नसांचा जुडगा दाबला जातो आहे. अशा रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात पोहोचवावे लागते. 24 ते 48 तासांच्या आत दाब निघाला नाही तर गेलेला ताबा कायमचा जाऊ शकतो. आणि नेमकी हीच लक्षणे आपण लपवतो. मुतण्या-हगण्याविषयी बोलणे असभ्य आणि बाईने गुप्तांगाविषयी बोलणे तर निर्लज्जपणा, असे शिकवलेल्या घरात ती बाई 'कंबर धरली आहे' एवढेच सांगते. घरचे मग शेक देतात, तेल चोळतात, पायाळू आणतात. या लाजेला संस्कार म्हणण्याचे बंद केले पाहिजे. माणसाला आयुष्यभर नळी लावून बसवणारी गोष्ट संस्कार असू शकत नाही.

माझीही कमरेची गादी सरकली होती. दुखणे इतक्या टोकाला गेले नव्हते, पण इशारा स्पष्ट होता. कळ मी बरेच आठवडे सोसली, गोळ्या आणि व्यायाम चालू होते. मग चालताना उजव्या पायातली चप्पल निसटू लागली आणि निसटल्याचे मला कळेना. अंगठा वर उचलता येईना. डॉक्टरांनी तपासून सांगितले की चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधल्या गादीने नस दाबली आहे आणि पायाचे बळ घटते आहे, आता वाट पाहण्यात शहाणपण नाही. घरात सल्ल्यांचा पाऊस पडला. आत्याबाई म्हणाल्या, "मणक्याला चाकू लावला की माणूस कायमचा आडवा होतो." जाऊबाईंनी एका पायाळू मुलाचे नाव काढले. मी दोघींनाही एकच विचारले: अंगठा हलत नाही, याचे तुमच्याकडे काय उत्तर आहे? त्यांच्याकडे उत्तर नव्हते. डॉक्टरांकडे होते, आणि त्याबरोबर धोक्यांची यादीही होती. नसेला इजा, जंतुसंसर्ग, मेंदूजलाची गळती, गादी पुन्हा सरकणे, सगळे त्यांनी न विचारता सांगितले. धोका सांगणाऱ्यावर विश्वास ठेवावा, हमी देणाऱ्यावर नाही, हे तेव्हा मला पटले.

खरा वाद झाला तो संमतिपत्रावर. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने माझ्यासमोर विचारले, "मॅडमचे मिस्टर कुठे आहेत? सही त्यांची लागेल." मी शुद्धीत होते, शाळेत शिकवत होते, स्वतःच्या पायांनी तिथे उभी होते. माझ्या मणक्यावर शस्त्रक्रिया होण्यासाठी माझी सही पुरत नाही, हे कोणत्या न्यायाने? सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली समीरा कोहली खटल्यात स्पष्ट म्हटले आहे की सज्ञान आणि शुद्धीत असलेल्या रुग्णाची संमती त्याने स्वतःच, पुरेशी माहिती मिळाल्यावर द्यायची असते. त्या खटल्यात रुग्ण बाई बेशुद्ध असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढले गेले होते आणि न्यायालयाने ती संमती मानली नाही. कोणी म्हणेल की घरच्यांना विश्वासात घेणे चांगलेच. जरूर घ्यावे. पण विश्वासात घेणे वेगळे आणि परवानगी मागणे वेगळे. पुरुष रुग्णाला कोणी 'मिसेसची सही आणा' म्हणून अडवून धरत नाही, यातच सगळे आले. अखेर सही मी केली, यजमानांनी साक्षीदार म्हणून केली, आणि हा क्रम योग्य होता.

आता दुसऱ्या बाजूच्या अंधश्रद्धेकडे येऊ. पायाळूला नाके मुरडणारा सुशिक्षित माणूस एमआरआयच्या अहवालापुढे मात्र निमूट हात जोडतो. अहवालात 'गादी फुगली आहे' असे वाचले की तो स्वतःला मोडका समजू लागतो. 1994 साली अमेरिकेत 98 निरोगी, पाठ अजिबात न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय काढले गेले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांच्या कमरेची किमान एक गादी फुगलेली निघाली. वयानुसार गाद्या झिजतात, जसे केस पांढरे होतात. चित्रातला दोष आणि रुग्णाची कळ यांचा मेळ बसतो का, हे तपासणाऱ्या हातांना ठरवावे लागते. यंत्र ते ठरवत नाही. नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या कळेच्या, 283 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. काहींची शस्त्रक्रिया लवकर केली, काहींना थांबवून गरज पडली तरच केली. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ लवकर गेली, पण वर्षअखेर दोन्ही गट सारखेच सुधारलेले होते. म्हणजे पायाचे बळ जात नसेल आणि कळ सोसवत असेल, तर थांबणे हाही शास्त्रीय निर्णय आहे. ज्याला सोसवत नाही त्याने शस्त्रक्रिया निवडणे हाही तसाच आहे. निवडणारा मात्र रुग्णच असला पाहिजे.

'डॉक्टर तरी कुठे धुतल्या तांदळासारखे आहेत?' हा आक्षेप मला मान्य आहे. कट प्रॅक्टिस, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल दलाली घेणे, इतकी उघड आहे की तिला आळा घालणाऱ्या कायद्याचा मसुदा राज्य सरकारला 2017 साली तयार करून घ्यावा लागला. नुसती पाठ दुखते म्हणून, पायात कळ नसताना, स्क्रू आणि पट्ट्या बसवून घेतलेली आणि नंतर अधिकच दुखणारी माणसे मी पाहिली आहेत. पण लबाड वैद्यकीवरचा उपाय लाथ नव्हे. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे, आपले कागद मागून घेणे, 'शस्त्रक्रिया केली नाही तर काय होईल?' असे थेट विचारणे हे उपाय आहेत. हा प्रश्न विचारल्यावर जो डॉक्टर चिडतो, त्याच्याकडून शस्त्रक्रिया करून घेऊ नये.

शस्त्रक्रियेनंतर मला दुसऱ्या दिवशीच चालवले. आत्याबाईंना हा क्रूरपणा वाटला, कारण पाठीच्या दुखण्यावर फळीवर निजून राहणे हाच उपाय, अशी त्यांची पिढ्यान्पिढ्यांची समजूत होती. पाठदुखीत निजून राहिलेल्यांपेक्षा झेपेल तेवढा नेहमीचा व्यवहार चालू ठेवणारे लवकर बरे होतात, हे फिनलंडमध्ये 1995 सालीच दिसून आले आहे. माझी कळ शस्त्रक्रियेच्या टेबलावरच संपली होती. अंगठ्याचे बळ यायला काही महिने लागले आणि पावलाच्या वरचा थोडा भाग अजून बधिर आहे. नस सावकाश भरते आणि कधी पूर्ण भरत नाही, हे मला आधी सांगितले होते, म्हणून मी घाबरले नाही.

पण चालणे आणि राबणे यांत फरक आहे, आणि आपली घरे इथे अप्रामाणिक होतात. 'डॉक्टरांनीच हालचाल सांगितली आहे ना?' असे म्हणून आठवड्याच्या आत सुनेच्या हाती केरसुणी देणारी घरे मला माहीत आहेत. वाकून केर काढणे, बसून कपडे धुणे, भरलेली कळशी कमरेवर घेणे, यांना व्यायाम म्हणणे खोटेपणा आहे. हीच शस्त्रक्रिया मुलाची झाली असती, तर त्याच घरात त्याला पाण्याचा पेलासुद्धा उचलू दिला नसता. पुरुष हमालाने उचलायचे ओझे 55 किलोंपेक्षा जास्त असू नये, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 साली केली. पोत्याचे वजन कमी व्हावे म्हणून आपले माथाडी कामगार संघटनेच्या बळावर लढले. घरात पाणी भरणाऱ्या बाईची संघटना नाही आणि तिच्या हंड्याचे वजन कोणी केलेले नाही. 'घरात दुसरे कोणी करणारे नाही' हे उत्तर बहुतेक घरांत खरे नसते. करणारे असतात, त्यांना कधी सांगितलेले नसते.

शस्त्रक्रिया ठरवायला सगळे घर डॉक्टरांसमोर गोळा होते. घरी सोडताना फिजिओथेरपिस्ट काय उचलायचे, किती वेळ बसायचे, कधी वाकायचे हे समजावते, तेव्हा मात्र रुग्ण बहुधा एकटी असते आणि यजमान बिलाच्या रांगेत असतात. नवऱ्याला, मोठ्या मुलाला, सासऱ्यांना त्या खोलीत बसवून ती यादी रुग्णालयाने समजावून द्यावी. उद्यापासून पाणी कोण भरणार, फरशी कोण पुसणार, याची नावे त्याच कागदावर लिहून घ्यावीत आणि खाली त्यांची सही घ्यावी.