गेलेली पाखरे कोणाच्या खाती?

एखाद्या प्रदेशातून पक्ष्याची एखादी जात नाहीशी होते तेव्हा तिची नोंद पक्षिशास्त्राच्या ग्रंथात होते. परंतु तो लोप कोणाच्या हातून झाला, आणि झाला असल्यास त्याला दोष म्हणावे की नुसता फेरबदल, हा प्रश्न त्या शास्त्राच्या कक्षेबाहेरचा असून तो मुळात धर्मविचाराचा प्रश्न आहे. इंग्लंडच्या मध्यभागी असलेला नॉर्थम्प्टनशायर हा परगणा या विचारासाठी सोयीचा आहे, कारण त्याला समुद्रकिनारा नाही, डोंगर म्हणावेत असे डोंगर नाहीत, आणि तेथील पक्षिजीवनात झालेल्या बहुतेक बदलांचा माग शेत, रान, नदीकाठ आणि माणूस यांच्यापाशीच येऊन थांबतो.

त्या काळी याच परगण्यात मोडणाऱ्या पीटरबरो येथे 1743 मध्ये विल्यम पेली या धर्मचिंतकाचा जन्म झाला. सृष्टीतील रचनेवरून रचनाकार ईश्वराचे अस्तित्व सिद्ध करू पाहणाऱ्या विचारप्रणालीला निसर्गाधिष्ठित ईश्वरशास्त्र म्हणतात, आणि 1802 साली प्रसिद्ध झालेला पेलीचा ग्रंथ हे तिचे सर्वांत गाजलेले प्रतिपादन होय. पंखापासून चोचीपर्यंत प्रत्येक अवयव योजनापूर्वक घडवला असेल, तर त्या पंखांच्या धन्यालाही योजनेत जागा असलीच पाहिजे, असा या विचाराचा ओघ होता. गंमत अशी की, ज्या चर्चमधून हा विचार सांगितला जात होता त्याच चर्चच्या हिशेबवह्यांत पाखरांच्या मुंडक्यांचे दर लिहिलेले असत. 1566 च्या कायद्याने उपद्रवी ठरवलेल्या प्राण्यांच्या शिरांमागे गावच्या चर्चच्या कारभाऱ्यांनी रोख इनाम द्यावे असे ठरले होते. यादीत डोमकावळा होता, लाल घार होती, आणि मासे खाण्याच्या अपराधाबद्दल खंड्याही होता. चिमणीचे नाव कायद्यात नसतानाही अठराव्या शतकात पुष्कळ गावांनी चिमण्यांचे पैसे डझनाच्या हिशेबाने चुकते केले. पित्याला कळल्यावाचून चिमणीसुद्धा भुईवर पडत नाही असे बायबलचे आश्वासन आहे. ती पडल्याचे कारभाऱ्यालाही कळत होते, एवढे मात्र खरे.

लाल घारीचे पुढे जे झाले ते या हिशेबाला धरूनच झाले. इनामांनंतर शिकारीच्या पाखरांची राखण करणाऱ्या रखवालदारांच्या बंदुका आणि विषारी आमिषे आली, आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधून ही घार संपली. वेल्समध्ये तेवढी काही जोडपी तगली. 1995 ते 1998 या काळात नॉर्थम्प्टनशायरच्या रॉकिंगहॅम रानात मुख्यत्वे स्पेनमधून आणलेली पिल्ले सोडण्यात आली, ती रुजली, आणि आज तेथील गावांवर घिरट्या घालणारी घार हे रोजचे दृश्य झाले आहे. इतके की, स्पेनच्या नैर्ऋत्य भागात घारी कमी झाल्यावर 2022 मध्ये याच परगण्यातील पिल्ले तिकडे पाठवावी लागली. परत आलेली घार तीच की दुसरी, असा तादात्म्याचा, म्हणजे एखादी वस्तू बदलांतूनही तीच राहते का याचा प्रश्न तत्त्वज्ञ येथे उपस्थित करतील; पण तो येथे गौण आहे. मारणारा ठाऊक होता, मारण्याचा हेतू लिहून ठेवलेला होता, म्हणून भरपाई कोणी व कशाची करावी याविषयी संदेह उरत नाही.

सर्वच बदल असे नसतात. आपल्या पिंगळ्याचा सख्खा भाऊबंद असलेले छोटे युरोपीय घुबड इंग्लंडचे नव्हे. नेन नदीकाठच्या लिलफर्ड हॉल येथील चौथ्या लॉर्ड लिलफर्डने हौसेखातर परदेशी घुबडे सोडली आणि 1889 च्या सुमारास त्यांनी या परगण्यात घरटी केली. आता त्यांची संख्या घटल्याची हळहळ व्यक्त होते, ती करणाऱ्यांना त्या घुबडाचे मूळ विचारावेसे वाटत नाही, आणि विचारू नये हेच योग्य. त्याच नेनच्या खोऱ्यात रस्ते आणि घरे बांधण्यासाठी वाळू-खडी उपसली गेली, खड्ड्यांत पाणी साचले, आणि तेथे बदके, टिटव्या, सोनेरी चिखले इतक्या संख्येने हिवाळा काढू लागली की 2011 मध्ये त्या जलाशयांना विशेष संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळाला. हे पुण्य खडीच्या ठेकेदाराच्या खाती जमा करण्याचे धाडस कोणी करणार नाही.

खरी अडचण शेतातल्या पाखरांपाशी येते. तेव्हा याच परगण्यात असलेल्या हेल्पस्टन गावचा शेतमजूर-कवी जॉन क्लेअर (1793-1864) याने ज्यांची घरटी गवतात वाकून पाहिली, त्या पाखरांपैकी गवताळ कुरणात लपून ओरडणारी कॉर्नक्रेक परगण्यातून गेली, आणि देशभरात 1970 नंतर चंडोल निम्म्याहून कमी झाले, तर युरोपीय होला शेकडा 95 हून अधिक घटला. त्यांच्या डोक्यावर कोणी इनाम लावले नव्हते. वसंतात पेरायचे धान्य शरदात पेरले जाऊ लागले, त्यामुळे हिवाळ्यात दाणे टिपण्याजोगी कापणीनंतरची उघडी रानेच उरली नाहीत आणि विणीच्या ऐन हंगामात पीक चंडोलाला उतरता येणार नाही इतके दाट व उंच झाले. तणनाशकांनी तणाचे बी संपवले, आणि वाळल्या गवताऐवजी हिरवा मुरघास करण्यासाठी कापणी लवकर व वारंवार होऊ लागली. यातले प्रत्येक पाऊल समंजस होते, आणि कोणाच्याही मनात पाखरू नव्हते. पाप हे हेतूवर ठरते असे मानणाऱ्या विचाराला येथे बोट ठेवायला जागा सापडत नाही.

हेतू नसलेल्या हिंसेचा विचार भारतीय धर्मशास्त्राने वेगळ्या रीतीने केला आहे. मनुस्मृतीत पंचसूना सांगितल्या आहेत: सूना म्हणजे वधस्थान, आणि चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ व पाण्याचा घडा ही गृहस्थाच्या घरातली पाच वधस्थाने होत. तेथे मरणारे जीव कोणी मारायला जात नाही, तरी दोष लागतो. कारण तो हेतूचा नसून उपजीविकेचा असतो. त्यावर सांगितलेले प्रायश्चित्तही एकदाच उरकण्याचे नाही. पंचमहायज्ञ रोजचे आहेत, आणि त्यांतल्या भूतयज्ञात प्राणिमात्रांसाठी अन्नाचा वाटा बाजूला काढायचा असतो. या शास्त्राची समाजरचना अनेक अंगांनी त्याज्य आहे, हे मान्य करूनही ही एक कल्पना टिकाऊ वाटते, कारण ती अपराधी शोधत बसत नाही आणि कोणाला निर्दोषही सोडत नाही.

इंग्लंडमधील चंडोल-चौकटी म्हणून ओळखली जाणारी योजना या कल्पनेच्या बरीच जवळ येते. गहू पेरताना ट्रॅक्टरचालक पेरणीयंत्र काही मीटर अंतरापुरते उचलून धरतो, त्यामुळे किमान 16 चौरस मीटरची जागा मोकळी राहते. हेक्टरी अशा दोन चौकटी सोडल्या म्हणजे चंडोलाला उतरायला आणि किडे टिपायला वाव मिळतो, आणि उत्पन्नात पडणारी तूट नगण्य असते. मात्र या चौकटींबद्दल शेतकऱ्याला सरकारी अनुदान मिळते, म्हणजे वाटा काढणारा आणि त्याची किंमत मोजणारा वेगळे आहेत; आणि पंचसूनेचा न्याय लावायचा तर दोष एकट्या पेरणाऱ्याचा नसून त्या गव्हाची पोळी खाणाऱ्या प्रत्येकाचा असल्याने, कराच्या रूपाने ती किंमत शहरातल्या खाणाऱ्याने भरणे हे अनुदानाच्या समर्थकांनी आजवर दिलेल्या कारणांपेक्षा अधिक बळकट कारण ठरते.