दोष ठाऊक असणे हीदेखील अमानत



शहागंजची मशीद ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल, ती उंच चौथऱ्यावर उभी आहे आणि तिच्या तीन बाजूंना दुकाने आहेत. सुमारे १७२० साली बांधलेल्या या मशिदीत जाणारा माणूस बाजारातूनच वर चढतो आणि नमाज आटोपून पुन्हा बाजारातच उतरतो. या परिसरात इमामत करणाऱ्याकडे येणारे प्रश्नही म्हणूनच वुजू आणि रोजा यांच्याइतकेच सौदा, उधारी आणि भागीदारी यांचे असतात. या वेळी आलेला प्रश्न मात्र माझा स्वतःचाच होता. त्याचे उत्तर मला ठाऊक असूनही मी तीन आठवडे ते टाळले, म्हणून तो आपल्यासमोर मांडतो.

चार वर्षांपूर्वी मी जालन्याच्या एका गृहस्थांकडून जुनी छोटी कार विकत घेतली. घरची माणसे, शेजारची चार शाळकरी मुले आणि वेळप्रसंगी मोहल्ल्यातील एखादा रुग्ण एवढाच तिचा प्रवास. मध्यंतरी भाच्याने सहज म्हणून आरसी बुकावरचा चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला, तेव्हा समजले की ही गाडी कंपनीने माघारी बोलावली आहे. एअरबॅगच्या नियंत्रक यंत्रात दोष असल्याने टक्कर झाली तर एअरबॅग कदाचित उघडणार नाही. तो भाग विनामूल्य बदलून मिळेल. यालाच व्यवहारात रिकॉल म्हणतात. जालन्याच्या गृहस्थांना फोन केला. त्यांना पत्र काही महिन्यांपूर्वीच पोहोचले होते. ते शांतपणे म्हणाले, “मौलाना, गाडी तर मी विकली होती, मग मी काय करणार?”

अधिकृत विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये गेलो. पहिल्या वेळी सांगण्यात आले, “नोंद तुमच्या नावावर नाही.” दुसऱ्या वेळी, “पार्ट आलेला नाही, आला की फोन करू.” फोन आला नाही. तिसऱ्या वेळी समोरच्या तरुणाने सुचवले की आधी पैसे भरून पूर्ण सर्व्हिसिंग करून घ्यावी, मग त्याचेही बघता येईल. मी परतलो. मशिदीतील एका बुजुर्गांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “इमामसाहेब, जाऊ द्या. सब्र करा. इतकी वर्षे काही झाले नाही.” मला ते पटले असे नाही, पण सोयीचे वाटले. पुढचे तीन आठवडे मी त्याच गाडीतून त्याच चार मुलांना शाळेत सोडत राहिलो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. एखादी वस्तू विकताना विकणाऱ्याला दोष ठाऊकच नसेल, त्याची नियत साफ असेल आणि दोष नंतर उघडकीस आला, तर जबाबदारी कोणाची? विक्रेता म्हणतो, गाडी आम्ही बनवली नाही. कंपनी म्हणते, आम्ही कळवले आहे, पुढचे वर्कशॉपने पाहावे. आधीचा मालक म्हणतो, माझा संबंध संपला. तिघांच्याही बोलण्यात खोटे काही नाही आणि तरीही सदोष यंत्र गाडीतच आहे.

सहीह मुस्लिममधील धान्याच्या राशीची हदीस आपण जुम्याच्या खुत्ब्यात अनेकदा ऐकली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी एका राशीत हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. त्यांनी विचारणा केली असता व्यापाऱ्याने पाऊस लागल्याचे सांगितले. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे प्रेषितांनी (स.) विचारले आणि फसवणूक करणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही असे बजावले. ही हदीस आपण भेसळखोरांसाठी सांगतो. पण नीट पाहा, त्या माणसाने धान्य भिजवलेले नव्हते. ओल पावसाने आली होती. ओल आली यासाठी त्याला कोणी बोल लावला नाही. कोरडे वर आणि ओले खाली राहू दिले यासाठी लावला. दोष येणे हा एक भाग आणि दोष कळल्यावर तो झाकलेला राहू देणे हा दुसरा भाग. कारखान्यात यंत्र सदोष निघाले हा जणू पाऊस झाला. त्यानंतर प्रत्येकाने आपापल्या राशीचे काय केले हा खरा हिशेब आहे.

फिक्हच्या ग्रंथांत ‘खियारे ऐब’ नावाचे प्रकरण आहे. मदरशात हिदाया शिकताना ते मी गुलाम आणि जनावरे यांच्या उदाहरणांतून पाठ केले होते. ते एक दिवस एअरबॅगला लावावे लागेल असे तेव्हा वाटले नव्हते. या प्रकरणाचे सार असे की वस्तूत विक्रीपूर्वीचा दोष निघाला तर ती परत करण्याचा अधिकार खरेदीदाराला मिळतो, आणि त्यासाठी विक्रेत्याने हेतुपुरस्सर फसवले हे सिद्ध करावे लागत नाही. अधिकार दोषातून जन्मतो, लबाडीतून नव्हे. “आमचा काय गुन्हा?” असे विचारणाऱ्या विक्रेत्याला याचे उत्तर एवढेच की, गुन्ह्याचा आरोप तुमच्यावर कोणी केलेलाच नाही, हक्क तेवढा मागितला आहे.

आणि ज्याचा सौद्याशी काहीच संबंध नाही त्याचे काय? येथे हजरत वासिला बिन असका (रजि.) यांची घटना मला वारंवार आठवते. असहाबे सुफ्फापैकी असलेले हे सहाबी. एका माणसाने उंटीण विकत घेतली व तो ती घेऊन निघाला. हजरत वासिला मागून घाईघाईने त्याच्यापर्यंत पोहोचले आणि जनावर मांसासाठी घेतले की प्रवासासाठी, असे त्यांनी विचारले. प्रवासासाठी, हजला जाण्यासाठी, असे उत्तर मिळताच त्यांनी सांगितले की तिच्या पायाच्या तळव्याला भोक पडले आहे, ती दूरचा पल्ला गाठणार नाही. विकणारा साहजिकच चिडला, तुम्ही माझा सौदा मोडला म्हणाला. तेव्हा हजरत वासिलांनी प्रेषितांची (स.) शिकवण सांगितली की दोष न सांगता विकणे कोणाला वैध नाही, आणि ज्याला तो दोष माहीत आहे त्यालाही तो न सांगणे वैध नाही.

या शिकवणीचा दुसरा भाग आपण सहसा विसरतो. हजरत वासिला तेथे व्यापारी म्हणून बोलत नव्हते. त्यांना फक्त माहीत होते, आणि त्या माहीत असण्यानेच त्यांच्यावर जबाबदारी आणली. त्यांनी विचारलेला प्रश्नही पाहा: मांसासाठी की प्रवासासाठी? दोष एकच, पण एका वापरात तो क्षुल्लक आणि दुसऱ्यात वाटेवर माणसाला अडकवणारा. गाडीच्या रेडिओतला बिघाड आणि एअरबॅगमधला बिघाड यांत असाच फरक आहे. जालन्याच्या गृहस्थांकडे आलेले पत्र मला मिळाले पाहिजे होते. सौदा संपला तरी ती अमानत त्यांच्याकडे होती. (हे मी त्यांना फोनवर नंतर नम्रपणे सांगितले, त्यांनी ऐकून घेतले, याबद्दल त्यांचे आभार.)

ही माहिती दडपली गेली तर काय घडते, याचे उदाहरण जगापुढे आहे. जपानच्या ताकाता या कंपनीच्या एअरबॅगमध्ये अमोनियम नायट्रेट हे रसायन वापरलेले होते. वर्षानुवर्षे उष्णता आणि दमटपणा लागून ते बिघडे, आणि मग एअरबॅग उघडताना धातूचे आवरण फुटून तुकडे चालकाच्या अंगात घुसत. चाचण्यांचे आकडे फिरवून ही गोष्ट मोटार कंपन्यांपासून लपवण्यात आली. २०१७ मध्ये कंपनीने अमेरिकेच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्याच वर्षी ती दिवाळखोरीत गेली. एकट्या अमेरिकेत या दोषाने २५ हून अधिक माणसे दगावली. त्या कंपनीतही ओल्या राशीवर कोणीतरी कोरडे धान्य पसरले होते.

आपल्या राज्यातले उदाहरण पाहू. २६ मार्च २०२२ रोजी पुण्यातील लोहगाव भागात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ओला कंपनीच्या विजेवरील स्कूटरने पेट घेतला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. त्याच दिवसांत तामिळनाडूतील वेल्लूर येथे दुसऱ्या एका कंपनीची स्कूटर घरात चार्जिंगला लावलेली असताना लागलेल्या आगीच्या धुराने बाप आणि मुलगी दोघे गेले. एप्रिलमध्ये ओलाने १,४४१ स्कूटर तपासणीसाठी माघारी बोलावल्या. जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकीने १७,३६२ गाड्या एअरबॅगच्या नियंत्रकासाठी परत बोलावल्या आणि भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नका, असेही ग्राहकांना सांगितले. आपला माल सदोष असू शकतो असे भर बाजारात सांगणे कोणत्याही व्यापाऱ्याला जड जाते. ज्या कंपन्या हे वेळेवर करतात त्यांची टिंगल करणे मला योग्य वाटत नाही. पण घोषणा वर्तमानपत्रात छापून आली म्हणजे हक्क पोहोचला असे होत नाही. तो तुमच्या गाडीत, तुमच्या गावच्या वर्कशॉपमध्ये पोहोचायचा असतो, आणि बहुधा याच शेवटच्या टप्प्यावर तो अडकतो. या कामाचे पैसे ग्राहकाकडून मिळत नाहीत, म्हणून ते मागे ढकलले जाते.

देशाचा कायदाही येथे मुका नाही. पूर्वी रिकॉल हा वाहन उद्योगाचा ऐच्छिक मामला होता. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन ११०-क हे कलम आले आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. त्यानुसार सदोष वाहने माघारी बोलावण्याचा आदेश सरकार देऊ शकते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ उत्पादकासोबत विक्रेत्यालाही काही बाबतींत सदोष मालासाठी जबाबदार धरतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आपल्या अनेक घरांत शरीअतचा मसला विचारायला संकोच नसतो, पण ग्राहक आयोग म्हटले की वकील, कचेरी आणि खर्च डोळ्यांपुढे येतो. साधा लेखी अर्ज इथेही बरेच काम करतो.

आता ‘सब्र करा’ या सल्ल्याविषयी. आपला हक्क सोडून देणे ही नेकी आहे, यात शंका नाही. कोणी माझे पाचशे रुपये बुडवले आणि मी माफ केले, तर त्याचा मोबदला अल्लाहजवळ आहे. पण माफ तेच करता येते जे आपले असते. माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसणाऱ्या चार मुलांच्या जिवाचा हक्क माझा नव्हता. तो त्या मुलांचा आणि त्यांच्या आईबापांचा होता. त्यांच्या वतीने मी विक्रेत्याला ‘जाऊ द्या’ म्हणालो, आणि त्याला सब्र हे नाव दिले. खरे तर तो आळस होता, थोडा संकोचही होता. दाढी-टोपीवाला माणूस काउंटरवर हुज्जत घालताना दिसू नये, असा.

या संकोचाचेही उत्तर सीरतमध्ये आहे. एका माणसाचा उंट प्रेषितांकडे (स.) देणे होता. तो तगादा करायला आला आणि कठोर बोलला. सहाबा त्याच्यावर धावून जाणार होते, पण प्रेषितांनी (स.) त्यांना अडवले, कारण ज्याचा हक्क आहे त्याला बोलण्याचा अधिकार असतो; आणि त्याला त्याच्या उंटाहून चांगला उंट देण्यास सांगितले. ही हदीस सहीह बुखारीत आहे. कठोर बोलावे असा याचा अर्थ नाही. काउंटरवरचा तरुण पगारी नोकर असतो, भाग मागवण्याचा निर्णय त्याच्या हातात नसतो, त्याच्यावर आवाज चढवून काही साधत नाही. पण हक्क मागणे ही भांडखोरी नव्हे, एवढे मला त्यातून समजले.

चौथ्यांदा गेलो ते कागद घेऊन. अर्जात चेसिस नंबर, रिकॉलचा तपशील आणि आधीच्या तीन भेटींच्या तारखा लिहिल्या, आरसी बुकाची प्रत जोडली, आणि व्यवस्थापकांना विनंती केली की भाग उपलब्ध नसेल तर तसे लिहून द्यावे व तारीख द्यावी. अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली आणि तीच प्रत कंपनीच्या ग्राहक विभागाला पाठवली. लिहून द्यायला कोणी तयार होईना. तारीख मात्र मिळाली, आठ दिवसांनंतरची. त्या दिवशी भाग बदलायला दोन तासही लागले नाहीत. पैसे कोणी मागितले नाहीत, आणि जॉब कार्डवर बदललेल्या भागाची नोंद मी मागून घेतली.

राहिला एक मसला, जो मला एका वाचकाने विचारला असता तर मी पटकन उत्तर दिले असते. ते आठ दिवस गाडी चालवावी की नाही? ज्याची रोजीरोटी गाडीवर आहे त्याला ‘उभी करा’ म्हणणे मला सोपे आहे, त्याला कठीण. माझे मत असे झाले आहे की दोष एअरबॅगसारखा, ब्रेकसारखा किंवा आगीचा असेल आणि कंपनीनेच चालवू नका म्हटले असेल, तर पर्याय शोधलाच पाहिजे, मग तंगी सोसावी लागली तरी. कंपनीने तसे म्हटले नसेल आणि नाइलाज असेल, तर स्वतःपुरता निर्णय माणूस घेऊ शकतो; पण दुसऱ्याला बसवण्यापूर्वी त्याला सांगितले पाहिजे. हजरत वासिलांनी त्या वाटसरूला जे सांगितले तेवढे तरी.

म्हणून तारीख मिळाली त्याच संध्याकाळी मगरिबनंतर मी चारही मुलांच्या घरी गेलो. गेले तीन आठवडे हे ठाऊक असूनही सांगितले नव्हते, हेही सांगितले. दोन घरांनी मुलांसाठी रिक्षा लावली. एका वडिलांनी हसून, ‘अल्लाह मालिक आहे, तुम्ही न्या’ म्हटले. चौथ्या मुलाची आई बराच वेळ काही बोलली नाही. मग आत गेली आणि आपल्या दिराच्या मोटारसायकलचे आरसी बुक घेऊन आली. तो नंबर कुठे टाकायचा असतो, एवढेच तिने विचारले.